आईच्या गोळ्यांच्या एकशे ऐंशी पुड्या

“अल्झायमर्स आहे,” डॉक्टर म्हणाले आणि बोलता बोलताच पुढच्या पेशंटची फाइल ओढली. परळच्या एका खासगी हॉस्पिटलात आम्ही सकाळी आठपासून बसलो होतो. “स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. बरा होत नाही. गोळीने थोडा धीमा होतो. गोळी बंद करायची नाही.” झालं. बंद केली तर काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तीन वर्षं आईने एक दिवस चुकवला नाही. लालबागच्या आमच्या केमिस्टला तर चिठ्ठी दाखवायचीही गरज नसे. “ताई, आईंचीच ना?” म्हणत तो स्ट्रिप काढून द्यायचा. एखाद्या महिन्यात ती कंपनी नसली की दुसरी द्यायचा, “सेम आहे” म्हणायचा. मला तो देवमाणूस वाटायचा.

माझा धाकटा भाऊ दिनेश मेलबर्नला असतो. त्याचा एकच हट्ट होता. “मंगलताई, ती मला ओळखतेय तोवर सहा महिने तिला माझ्याकडे राहू दे.” मी हो म्हटलं. आईने चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, “मी झिलाकडे जातंय.” आमच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा.

आता माझा पराक्रम ऐका. दिनेशचा गोंधळ होऊ नये म्हणून मी रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर आणलं, पुढच्या सहा महिन्यांची पानं फाडली, सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून सोलून काढल्या आणि प्रत्येक तारखेच्या पानात त्या दिवसाची एक गोळी बांधली. एकशे ऐंशी पुड्या! लहानपणी आमचे डॉक्टर अशाच पुड्या द्यायचे. रिकाम्या स्ट्रिपा आणि खोकी कचऱ्यात टाकली, पुड्या बिस्किटांच्या डब्यात भरल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, “लेक असावी तर अशी.” मीही फुशारले. चिठ्ठी मात्र कपाटातल्या फाइलमध्येच राहिली.

आईला न्यायला दिनेश स्वतः आला होता. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने डबा उघडला. कागदाच्या पुड्या, आत पांढऱ्या गोळ्या, वर परक्या लिपीतल्या तारखा. हे काय आहे, असं त्याने विचारलं. आईच्या स्मरणशक्तीच्या गोळ्या, दिनेश म्हणाला. नाव काय, चिठ्ठी कुठे, मूळ वेष्टन कुठे? डबा तिथेच राहिला. त्या माणसावर मी चिडू शकत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

चिडले ती इथल्यांवर. दिनेशने गोळीचं नाव विचारलं, मी केमिस्टकडून स्ट्रिपचा फोटो पाठवला. ते कंपनीने ठेवलेलं नाव, तिथे कुणालाच ठाऊक नाही. औषधाच्या दुकानातल्या एका बाईने अर्धा तास शोधाशोध करून सांगितलं की या एका गोळीत दोन औषधं आहेत. डोनेपेझिल, म्हणजे मेंदूतला निरोप पोचवणारा पदार्थ टिकवून धरणारं. आणि मेमंटाइन, म्हणजे मेंदूच्या पेशींवरचा जादा मारा थोपवणारं. तिथे ती वेगवेगळी मिळतात. आईच्या पोटात काय जातंय, ते मला तीन वर्षांनी कळलं, तेही सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईकडून. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पण तिथले डॉक्टर म्हणाले, पहिल्या डॉक्टरांचं पत्र आल्याशिवाय सुरू करता येणार नाही. मी हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर रजेवर होते.

“पेशंटला घेऊन या,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“अहो, पेशंट मेलबर्नला आहे.”

“मग आल्यावर या.”

हे संभाषण मी पाच वेळा केलं. गोळ्या इथूनच पाठवायला गेले, तर कुरियरवाल्याने चिठ्ठी आणि बिल मागितलं. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची, बिल मी कधी घेतलंच नव्हतं.

इकडे हे चाललेलं, तिकडे आई घसरत होती. सुरुवातीचे दिवस छान गेले, ती नातीला आंबोळ्या करून घालत होती. आठवड्याभरात झोप उडाली. मग बाथरूमची वाट सापडेना. तेराव्या दिवशी तिने दिनेशला खोलीबाहेर ढकललं. परका माणूस आत आलाय म्हणून ती ओरडत होती. दिनेश फोनवर एवढंच म्हणाला, “ताई, मी काय करू गं?”

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टर कामावर आले. मी त्यांच्या दारातच बसून होते. सगळं ऐकून ते म्हणाले, “आधी सांगायचं ना, पत्र दिलं असतं.” दोन मिनिटांत पत्र टाइप होऊन हातात आलं. दोन मिनिटांत! दिवाळीत तपासायला आणलं तेव्हा आई जानेवारीत सहा महिने परदेशी जातेय, हे मी याच माणसाला सांगितलं होतं. “वा, मजा करा आजी,” म्हणाले होते.

त्यातही मेख होती. इतका खंड पडला की पूर्वीच्याच डोसवर जाता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पोटाला आणि हृदयाला ते झेपत नाही. लहान डोसपासून पुन्हा एकेक पायरी चढावी लागली. झोप परत आली, बाथरूमची वाटही सापडली. बाकीचं का आलं नाही, ते आमच्या डॉक्टरांना नंतर विचारलं. “आजारच तसा आहे,” ते म्हणाले. असेलही. पण हे उत्तर त्यांना फार सोयीचं आहे.

तुमच्या घरातलं कुणी असं जाणार असेल तर औषधाचं खरं नाव आणि डोस लिहिलेलं सहीशिक्क्याचं पत्र घ्या, उठवलं तरी खुर्चीवरून उठू नका. गोळ्या खोक्यातच राहू द्या, बिलासकट, हातातल्या बॅगेत. किती दिवसांचा साठा चालतो ते त्या देशाच्या नियमांत आधी बघा. तिथल्या डॉक्टरांची वेळ इथूनच ठरवा. आणि माया करताना माझ्यासारखी अक्कल गहाण टाकू नका.

जूनअखेर दिनेश आईला घेऊन आला. चार जिने तिचा हात धरून तिला वर आणलं, चपला काढल्या, खुर्चीत बसवलं. आईने मला जवळ बोलावलं. मला ती ओळखत होती. दिनेशकडे बोट दाखवून म्हणाली, “गो मंगल, ह्येंका च्या दी. लांबसून इलेत. ह्येनी माजा सगळा केल्यानी, सख्ख्या झिलासारख्या.”