विषय क्रमांक अकरा

गल्लीतला कडुनिंब वाचवायला मी हरकतीचा अर्ज खिशात घालून नगरपालिकेच्या सभेला गेलो. तिथे विषयांचे नुसते क्रमांक वाचले जात होते आणि नगरसेवक बाकं बडवून ‘मंजूर, मंजूर’ म्हणत होते. त्या ठेक्यात काय जादू असते कोण जाणे, अकराव्या क्रमांकाला प्रेक्षकांत बसलेला मीही बाक बडवू लागलो.

सोबत आलेल्या शेजारच्या काकू कडाडल्या, “अहो, आपलंच झाड तोडायचं ठरलं! वाजवताय काय?”

आपला हात नेमका कुणाचं ऐकतो, हे मला अजून कळलेलं नाही. परतताना झाडापाशी थबकलो. रोज त्याच्या खोडावर थाप मारूनच मी घरात शिरतो. आज मात्र हात खिशातल्या अर्जावरून निघेना.