सहा मुक्या काड्या

कोमट पाण्यात भिजलेल्या सरसाचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? ओलसर, किंचित आंबूस, आणि तरीही हवाहवासा! देवळीतल्या आमच्या ओसरीवर, सोयाबीन निघून गेल्यानंतरच्या कोवळ्या उन्हात, मी बांबूचे सहा बाण मांडून बसले होते आणि पावसाळ्याने पार विस्कटलेली त्यांची पिसे उतरवत होते. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईने धनुष्य हाती घ्यावे, याचे शेजाऱ्यांना भारी हसू येई. आणि रविवारी तळेगावच्या मैदानावर, पन्नाशीपुढच्यांच्या स्पर्धेत, मला त्यांना एकदा तरी गप्प करायचे होते!

पिसे उतरवणे हे मोठे रसिकतेचे काम आहे. आधी शेपटाकडचा दोरा उलगडायचा, मग पिसे चिकटवलेला सरस ओल्या फडक्याने मऊ करायचा आणि बोथट सुरीने, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा, अलगद सोडवायचा. घाई केली की बांबूला जखम होते आणि जखमी काडी ऐन वेळी दगा देते. एवढी काळजी मी घेतली. पण मास्तरकीचा स्वभाव कुठे जातो? सरस निघाल्यावर पिसांलगत बारीक ओरखडे दिसले, मला तो मळ वाटला. पॉलिश पेपर घेतला आणि सहाही काड्या घासून लख्ख केल्या.

मोठ्या तोऱ्यात त्या लच्छूदादांकडे नेल्या. आयुष्य जंगलकामात घालवलेले, घरी गोंडी बोलणारे हे गृहस्थ माझे गुरू, आणि बाणही त्यांच्याच हातचे. काड्या फिरवून पाहत ते खो-खो हसले. "बाई, गोऱ्या त केल्या तुमी, पण मुक्या करून ठेवल्या ना!" ते ओरखडे म्हणजे त्यांच्या खुणा होत्या: कोणता बाण डावीकडे ओढतो, कोणता जड, कोणाला बोटभर वर धरायचे. स्पर्धेला दोनच दिवस उरलेले, आणि मी सगळा अभ्यासच पुसून टाकलेला! माझा चेहरा पाहून दादा म्हणाले, "काऊन रडून राह्यल्या? नवे पिसं बांधून देतो. मारून पाहा, थे सोताच सांगतीन."

मग शाळेमागच्या पडीत जमिनीवर दोन दिवस बाणच बाण! एका काडीच्या पेरावर काळा डाग होता. ती दादांनी बरोब्बर ओळखली. "हे लबाड आहे. डावीकडंच पयते." मी नेम धरला, श्वास रोखला, आणि बाण अगदी नाकासमोर गेला! पुन्हा सोडला, पुन्हा सरळ. दादांनी स्वतः सोडला, तर डावीकडे! "म्हंजे ओढ माह्या हाताची व्हय," डोके खाजवत ते म्हणाले, "म्या उगाच तिले लबाड म्हनलं."

मी हसले खरी, पण आत कुठेतरी चरचरले. हा मठ्ठ, ही आळशी, असे मागच्या वर्गाच्या शिक्षकांनी दिलेले शेरे दर जूनमध्ये मी किती निष्ठेने जपले! ती ओढ मुलांची होती, की आमच्याच हातांची? त्या साऱ्यांची मनापासून माफी मागावीशी वाटली.

रविवारी मी पाचवी आले. डागाचा बाण मात्र थेट मधल्या वर्तुळात रुतला, आणि मजा बघायला आलेल्या शेजाऱ्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या! संध्याकाळी दादांनी सुरी पुढे केली. "आता तुमच्या खुना तुमी करा." पाच काड्यांवर मी केल्या. सहावी, ती डागाची, कोरी ठेवली. तिच्याविषयी आधीच काही लिहून ठेवायला आता माझा हात धजत नाही.