काठावरून सांगणाऱ्या आत्याबाई

पोहायला मी शिकले ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. तलवाड्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे पालीला धाकट्या नणंदेकडे जाऊन राहते. तिचं शेत धरणाच्या जवळ. मे महिन्यात आमच्याकडच्या विहिरींचे तळ दिसू लागतात, तेव्हाही तिच्या विहिरीत दोन पुरुष पाणी असतं. नणंद चांगली पोहते. तिची नऊ वर्षांची मुलगी तर सुट्टीत जेवायलाच तेवढी बाहेर येते.

त्या वर्षी मी पायऱ्यांवर बसून नुसतेच पाय ओले करत होते. मुलीनं पाण्यातूनच विचारलं, "मामी, तुमाला पवता येत न्हाई?"

"न्हाई."

"मग शाळेत पोरायला काय शिकवता?"

नणंदेनं तिच्यावर डोळे वटारले, पण हसू तिलाही आवरेना. मला काही राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी जुना पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला गच्च गुंडाळली आणि विहिरीवर जाऊन उभी राहिले.

त्याआधीच्या वर्षभरात एक प्रश्न माझ्या मागं लागला होता, तोही इथंच सांगायला हवा. दहावीला उत्क्रांतीचा धडा शिकवत असताना तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी शेळ्या आहेत. ती म्हणाली, "मॅडम, आमची शेळी करडाला काईच शिकवत न्हाई. करडू चुकलं तरी बघत बी न्हाई. मग मानूसच कावून सारखा दुसऱ्याला सांगत बसतो, आसं कर, तसं करू नको?" वर्ग हसला, कारण सगळ्यांना आपापल्या घरची माणसं आठवली. मी म्हटलं, बघून सांगते. आणि सांगायचं राहूनच गेलं.

तर त्या सकाळी विहिरीवर आम्ही चौघी होतो. पाण्यात नणंद, तिची मुलगी आणि मी. वर काठावर नणंदेच्या सासूबाई. त्यांना सगळ्याच आत्याबाई म्हणतात, मीही म्हणते. वय पासष्टच्या पुढं, अंगानं काटक, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातला बैलही मान वर करेल. विहिरीच्या कठड्यावर त्यांची एक ठरलेली जागा आहे, खाली पाण्यावर लोंबणारी सुगरणीची घरटी दिसतील अशी. तिथं बसून त्या शेंगा फोडत होत्या आणि खाली लक्ष ठेवत होत्या.

माझ्या पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधले. मी पायरीवरून पाण्यात पाय घातला, तोच मुलगी ओरडली, "मामी, डावा न्हाई. उजवा आधी."

"कावून?"

"तसंच आसतंय."

मला परत वर चढायला लावलं, उजवा पाय आधी टाकायला लावला, मग तीन वेळा नाक धरून डोकं बुडवायला लावलं. यातल्या कशाचाच पोहण्याशी संबंध नव्हता. तिला ज्या क्रमानं शिकवलं गेलं, तो सगळा क्रम तिनं जसाच्या तसा माझ्या हवाली केला. आधी मला गंमत वाटली. नंतर वाटलं, पोरगी बरोबर आहे. शिकणाऱ्याला कुठं ठाऊक असतं की यातलं कामाचं कोणतं आणि बिनकामाचं कोणतं? म्हणून माणसाचं मूल सगळंच उचलतं. थोडं फुकट गेलं तरी चालेल, पण कामाचं सुटायला नको.

मग शिकवणी सुरू झाली आणि तिघींची तोंडं एकदम सुटली. नणंद म्हणे हात लांब टाका. मुलगी म्हणे सायकल चालवल्यासारखे पाय मारू नका. आणि वरून आत्याबाई, "मान कावून आखडली? मान सोडा. पाणी काय खात न्हाई तुमाला. ढुंगण वर येऊ द्या. आता श्वास. आता न्हाई, आता."

त्यांचं सांगणं इतकं नेमकं असायचं की मी चुकायच्या आधी माझी चूक त्यांना दिसायची. दोन-तीन दिवसांत माझे कान नणंदेपेक्षा वरच्या आवाजाकडंच जास्त लागू लागले. शाळेत मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. शिकवणारं माणूस मला ओळखू येतं.

पाचव्या दिवशी दोनातला एक कॅन सोडला. मधोमध गेले, आणि कुणास ठाऊक काय झालं, खाली जमीन नाही हे एकदम मनात आलं. नाकात पाणी गेलं. समोर नणंद होती, मी तिच्या गळ्याला मिठी मारली. दोघी खाली गेलो. मला आठवतो तो हिरवा अंधार आणि तिची कोपरं. तिनं मला जोरात ढकललं, मागून ओढणीला धरलं आणि पायरीवर आणून टाकलं. मी खोकत होते. मुलगी घाबरून पायरीला चिकटली होती.

आत्याबाई चार पायऱ्या उतरून खाली आल्या. माझ्या पाठीवर हात फिरवला आणि शांतपणे म्हणाल्या, "एक ध्यानात ठेवा. पाण्यात कुनाला गळ्याला धरायचं न्हाई. धरलं की दोघं बी जातेत. हात पुढं करायचा, समोरचं ओढून घेतं. मला बोला बरं परत."

मी खोकत खोकत ते परत बोलले. मग त्यांनी नणंदेलाही बोलायला लावलं, आणि नातीलाही.

त्या दिवशी दुपारी मला झोप आली नाही. ओसरीत पडून मी त्या शेळीचा विचार करत होते. शेळीच्या करडाला काय लागतं? उभं राहणं, आचळ शोधणं, पाला ओळखणं. बरंचसं ते जन्मताना सोबतच घेऊन येतं. बाकीचं चुकत-माकत शिकतं. माणसाच्या पोराजवळ जन्मताना रडण्यापलीकडं फारसं काही नसतं. त्याला लागतं ते सगळं दुसऱ्यांच्या डोक्यात असतं. आणि विहीर, साप, कोयता, विस्तव यांच्या बाबतीत चुकून शिकायची सोय नाही. तिथं पहिली चूक शेवटचीही ठरू शकते. ज्या घोळक्यात कुणीतरी 'धरू नको' म्हणून ओरडत होतं, त्या घोळक्यातली पोरं जास्त जगली असणार. त्यांचीच आम्ही लेकरं. म्हणून आमची जीभ अशी.

दुसरे प्राणी अगदीच शिकवत नाहीत असं नाही. मांजर पिलांपुढं अर्धमेला उंदीर आणून टाकतं. मुंगसाच्या गोतातला एक आफ्रिकेतला प्राणी पिलांना आधी नांगी काढलेला विंचू देतो, मग हळूहळू नांगीसकट. पण पिलाची चूक बघून, थांबवून, 'तसं नाही, असं' म्हणणारं जनावर माझ्या वाचनात तरी आलेलं नाही. आणि परक्याच्या पिलासाठी एवढी यातायात करणारं तर नाहीच.

परक्याच्या पिलावरून मला ऊसतोडीच्या फडातली एक बाई आठवली. माझं माहेर शिरूर कासारकडचं. आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, आणि मीही लहानपणी दोन हंगाम त्यांच्यासोबत गेलेली आहे. आठेक वर्षांची असताना मी हट्टानं उसाची मोळी बांधली. उसाच्या हिरव्या शेंड्याला वाढं म्हणतात. ते पिळून त्याचाच दोर करायचा आणि मोळी आवळायची. मी ते न पिळताच गाठ मारली. वडील मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढायला लागले, आणि अर्ध्यात ती सुटली. ऊस सगळा खाली. वडील उडी मारून बाजूला झाले म्हणून वाचले.

आई काही बोलायच्या आत शेजारी ऊस तोडणाऱ्या दुसऱ्या जोडीतली एक बाई आपलं काम टाकून माझ्याकडं आली. ती ना आमच्या गावची, ना नात्यातली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आन हिकडं. बघ, दोन पीळ. मग खालून घे." माझ्याकडून तिनं चार वेळा करून घेतलं. चौथ्यांदा मोळी तिनं उचलून आपटली, ती सुटली नाही. तिचा चेहरा असा खुलला की जणू तिलाच काहीतरी मिळालं.

तेव्हा मला वाटलं, किती माया आहे हिला. माया होतीच. पण गाडी सगळ्या टोळीनं मिळून भरायची असते. एकाची मोळी सुटली की सगळ्यांचा खोळंबा, आणि उद्या ती कुणाच्याही डोक्यावरून सुटेल. एकमेकांच्या जिवावर जगणाऱ्या माणसांना एकमेकांची चूक परवडत नाही. आणि ज्या कामानं जगणं सोपं होतं, त्या कामात शरीर गोडी घालून ठेवतं, जशी भुकेल्या पोटाला भाकरीची. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी ती गोडी पाहिली होती, नाव मात्र आता कळत होतं.

नवव्या दिवशी मी कॅन न बांधता विहीर आडवी पार केली. जेमतेम बारा हात असेल. मुलीनं टाळ्या पिटल्या. मी वर आत्याबाईंकडं बघून विचारलं, "आत्याबाई, तुमी कधी शिकलात पवायला?"

"मी? मला कुटं येतंय?"

मला वाटलं चेष्टा करतात. नणंदेकडं पाहिलं. ती म्हणाली, "खरंच वैनी. त्या कदी उतरल्याच न्हाईत."

"मग हे सगळं?"

आत्याबाई शेंगेचं टरफल फुंकून टाकत म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापसून ह्या हिरीवर हाय. तिन्ही पोरं हितंच शिकली, गल्लीतली पोरं शिकली. मी पाणी शेंदायची न् बघायची. कोन कुटं चुकतंय ते दिसतंयच की. दिसलं की सांगायचं."

"पण स्वतः का नाही शिकलात?"

"कुनी म्हनलंच न्हाई," त्या म्हणाल्या.

मी विहिरीत उभी, पायरीला धरून. मी म्हटलं, "आत्याबाई, मी म्हणते. उद्या सकाळी उतरायचं."

"येड लागलं का? ह्या वयात?"

"माझंही वय काही पोरीचं नाही."

त्यांनी हातातली शेंग फोडली. पण दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर पोचलो तर त्या आमच्या आधी तिथं होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, आणि दोन्ही कॅन सुतळीनं स्वतःच बांधून तयार. गाठ मी तपासली, बरोबर होती. त्या पाण्याकडं तोंड करून पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "धराल ना मला?"

"धरू. तुमी फक्त गळ्याला धरायचं न्हाई," नणंद म्हणाली, आणि आम्ही तिघीही हसलो.

"आजी, उजवा पाय," नात म्हणाली.

त्यांनी मुकाट्यानं उजवा पाय टाकला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. मग आम्ही तिघींनी जो गलका केला त्याला तोड नाही. मान सोडा. पाय लांब. आखडू नका. आजी, तोंड मिटा. मला तर पोहणं शिकून एकच दिवस झाला होता, तरी माझा आवाज सगळ्यात मोठा. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "एकीनं सांगा गं. तिघी मिळून बुडवाल मला." आम्ही गप्प झालो, पण दोन मिनिटंच. गप्प राहणं आमच्या हातात नव्हतंच.

मला खात्री होती की इतकी वर्षं बघून त्यांना सगळं लगेच जमेल. तसं झालं नाही. पाय खाली जायचे, मान आखडायची. ज्या चुका त्या माझ्या काढायच्या, त्याच त्यांच्या अंगात होत्या. त्यांनाही ते कळत होतं आणि त्या स्वतःवरच चिडत होत्या. "ठाऊक आसून बी पाय ऐकंना की," त्या म्हणाल्या. पण आमचं ऐकत होत्या. सहाव्या दिवशी नणंदेनं त्यांच्या पोटाखालचा हात हळूच काढला आणि त्या दोन हात पुढं गेल्या. कुणी सांगितलं नाही. पायरीला हात लागल्यावर त्यांना कळलं की मध्ये कुणी धरलेलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती शेळीवाली मुलगी दहावी पास झाली आणि पुढं गेवराईला कॉलेजात जाऊ लागली. बसस्टँडवर भेटली तेव्हा मी तिला माझं उत्तर सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पन मॅडम, शेळी हाका मारते की करडाला. तुमी ते सोडलं." मी म्हटलं, बरोबर आहे, सोडलं. बस येईपर्यंत आम्ही त्यावर बोलत राहिलो.

दिवाळीच्या आधी नणंदेचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "आत्याबाई आता पाठीवर पडून तरंगतेत, कॅनबिन काई न्हाई." मग फोन आत्याबाईंनीच घेतला. म्हणाल्या, "हिरीवर सुगरणीची घरटी हायेत, ठाऊक हाय ना? आयुष्यभर वरून बघितली. आता पाण्यात पडून बघते. भोक खालून आसतंय गं, पिलाची चोच दिसते."