ओटीतली पिवळी वडी

सासूबाई कंबरेचं हाड मोडून खाटेवर पडल्या आणि त्यांचं पोट साफ होईना. डॉक्टरांनी एनिमाचा डबा आणि नळी दिली. कोमट पाणी वापरा म्हणाले, फारच अडलं तर त्यात अगदी सौम्य साबण, तोही नावाला. सौम्य म्हणजे कोणता, ते मात्र मलाच शोधावं लागलं.

दिवस धानाच्या रोवणीचे होते. बांधीत चिखलात उभं राहून माझ्या पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, लाल, उघड्या. मी एकेक साबण पाण्यात विरघळवून आधी त्या चिखल्यांवर ओतला. गुलाबाच्या वासाचा झोंबला, बाद. कडुनिंबाचा तर डोळ्यांत पाणी आणून गेला. लेकरांचा पांढरा साबण तेवढा गप्प बसला. तो मी स्टीलच्या डबीत वेगळा ठेवला. सासूबाई लाजून भिंतीकडे तोंड करायच्या, पण कधी घाबरल्या नाहीत. माझ्या हातावर त्यांचा भरवसा होता आणि मला त्याचा माज होता.

मग साकोलीहून नणंद आली. डबी पाहून हसली.

"वहिनी, मायचं पोट काय लेकराचं हाय? साबन त साबनच रायते."

दुसऱ्या दिवशी मी बांधीत असताना तिने धुण्याच्या दगडावरची पिवळी वडी पाण्यात घोळली आणि आईला एनिमा दिला. मी परतले तेव्हा सासूबाई कळवळत होत्या, लुगड्याला रक्त लागलं होतं. दवाखान्यात नेलं, बऱ्या झाल्या. पण त्यानंतर नळी दिसली की अंग आखडून घ्यायच्या. माझ्या हातातली दिसली तरी.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण अड्याळच्या लग्नात नणंदेने सगळ्या गोतात सांगितलं, वहिनीने मायचं पोट जाळलं. बायका माझ्याकडे बघून कुजबुजू लागल्या. सासूबाई लेकीसाठी गप्प राहिल्या. मी त्याच मांडवात ठरवलं, हिला सोडायचं नाही.

फार वाट पाहावी लागली नाही. नणंद स्कूटीवरून पडली, पायाला प्लास्टर लागलं, आरामाला माहेरी आली. दुखण्याच्या गोळ्यांनी तिचं पोट गच्च झालं. डॉक्टरांनी एनिमाच सांगितला. गल्लीतल्या बायका तिला पाहायला येऊन बसल्या होत्या, तोच मुहूर्त मी धरला. एका हातात डबी, दुसऱ्या हातात पिवळी वडी घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"ताई, कोनता घेऊ?"

तिने डबीकडे बोट दाखवलं.

"काहून? साबन त साबनच रायते ना?"

"वहिनी, त्या पिवळ्यानं आग होते."

"तुमाले कसं मालूम?"

ती बायकांकडे बघू लागली. मी वडी भांड्यात घोळायला घेतली.

"मीच देल्ला होता मायले," ती रडत म्हणाली. "वहिनी घरी नव्हती."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मला इतका आनंद झाला की तो लपवावासाही वाटला नाही. पलीकडच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "पानी हातावर पाहून घेजो वं. तिले चटका लागन."

मी वडीचं पाणी मोरीत ओतलं आणि डबीतल्या साबणानेच सगळं नीट केलं. माझा हात कुणी नावं ठेवावी असा नाहीच.

प्लास्टर निघालं, नणंद सासरी निघाली. मी तिची ओटी भरली: तांदूळ, नारळ, खण आणि खणाच्या घडीत ती पिवळी वडी. सासूबाई खाटेवरून बघत होत्या.

त्या संध्याकाळी मी नळी घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्या आपणहून कुशीवर वळल्या. अंग आखडलं नाही.