हुरड्याचं अत्तर

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या हॉलमध्ये हात धुवायला गेले आणि बेसिनपाशीच थबकले. फरशी नुकतीच पुसलेली होती. बादलीतून, पोछ्यातून, ओल्या कोपऱ्यांतून एकच वास येत होता आणि तो माझा होता. पाणी घालून पातळ केलेला, वरून कसलंसं लिंबू मारलेला, पण माझाच. पुसणाऱ्या बाईला विचारलं, हे फिनेल कुठलं. तिनं कॅन फिरवून दाखवला. वर ज्वारीच्या कणसाचं चित्र होतं. म्हणाली, सध्या याच वासाची चलती आहे, पाहुण्यांना आवडतो.

अत्तराच्या धंद्यात याला यश म्हणतात. एखादा वास खरोखर चालला की तो बाटलीत राहत नाही. आधी साबणात जातो, मग उदबत्तीत, मग गाडीत टांगायच्या डबीत, आणि सगळ्यांत शेवटी फरशीवर येतो. छावणीच्या बाजारात माझं दुकान आहे, तिथं बसून मी ही उतरंड पाहत आले आहे. सुरुवातीला मजमुआ, हिना अशी जुनी अत्तरं मागणारे यायचे, कापसाचा फाया कानात खोचून निघून जायचे. मग गार पाण्यासारखा, समुद्राचा म्हणतात तो वास आला. आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण नवरदेवाच्या अंगाला तोच हवा. रजेवर निघालेले जवान साहेबाची रिकामी बाटली घेऊन यायचे, माझ्या नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, बस ऐसा ही दे दो. समुद्र ओसरला तसा अरबी ऊद आला. ज्याला त्याला आखातातून आल्यासारखं दिसायचं होतं. आता जळालेल्या साखरेत केशर टाकल्यासारखा एक वास आहे. कॉलेजची पोरगी तोच लावते आणि तिचा बापही तोच लावतो.

दर वेळी कुठंतरी लांब कुणीतरी एक बाटली काढलेली असायची आणि सगळी दुनिया तिच्यामागं धावायची. ती बाटली मी कधी विकली नाही. तिच्यासारखं विकलं. माझ्या प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर ‘त्यासारखं’ हा शब्द मोठा असतो. कुणाला फसवून मी पोट भरलेलं नाही.

हा धंदा मला जुन्या शहरातल्या एका अत्तरवाल्या चाचांनी शिकवला. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला. दिराच्या दारात ताटकळण्यापेक्षा मी चाचांच्या बाटल्या धुवायला लागले आणि वरच्या फळीवरच्या महागड्या अत्तरांपर्यंत पोचले. चाचा भावात जराही हलायचे नाहीत, पण सौदा पटला की समोरून चहा मागवायचे आणि मग पोटातलं सगळं बोलायचे. कुठलं तेल कुठून आणतो, कशात काय घालतो, कशानं वास टिकतो, सगळं. मी विचारलं, चाचा, उद्या हा माणूस तेच करायला लागला तर? ते म्हणाले, “बेटी, सौदे की बात सौदे में, चाय की बात चाय में.” चहावर ऐकलेलं बाजारात न्यायचं नाही, हा त्या गल्लीचा रिवाज होता. मी तिथं होते तोवर कुणी तो मोडलेला मी पाहिला नाही.

चाचा गेल्यावर मी छावणीत दुकान घेतलं, आणि तिथंच मला स्वतःचं काहीतरी करायची हौस आली. आम्ही मेंढरांची माणसं. बाप पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या वाटेवर, मोठ्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. मेंढरं खत द्यायची, आम्हाला धान्य मिळायचं. हिवाळ्यात मालकाचे पाहुणे गाड्या भरून हुरडा खायला यायचे आणि आगटीवर माझी आई असायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, बाहेर काढून तळहातावर गरम गरम चोळायची. पाहुण्यांची पानं उठली की उरलेली कणसं आमची. हिरवं दूध, गोडसर दाणा आणि त्यावर चढलेला गोवरीचा धूर. माझ्या लेखी त्याच्यापेक्षा चांगला वास या जगात झालेला नाही.

तो बाटलीत बसवायला मला बरेच हिवाळे लागले. धूर नागरमोथ्यातून काढला. हिरवा वास गवतासारख्या एका रसायनातून मिळाला, पण तो कापलेल्या लॉनसारखा यायचा, ज्वारीसारखा येईना. दाण्यातलं दूध तर फाटतच होतं, म्हणजे नाकात आंबट व्हायचं. शेवटी चंदनाच्या तेलावर महिनाभर मुरू दिल्यावर ते गोड झालं. त्या बाटलीवर मी काहीच लिहिलं नाही. ‘त्यासारखं’ लिहायला दुसरं कुणी नव्हतंच. गिऱ्हाइकांना फुकट फाया देत गेले. कुणी नाक मुरडायचं, पण जो एकदा घ्यायचा तो परत यायचा.

अशीच एक बाई आली. तिशीतली, पुण्याला शिकून आलेली, बोलण्यात साखर. दौलताबादकडच्या मोठ्या जमीनदार घरातली, हे तिनंच सांगितलं. फाया हातावर घेतला आणि किती तरी वेळ हात नाकावरून काढलाच नाही. मग म्हणाली, जेवढं आहे तेवढं सगळं द्या. मी भाव सांगितला. ती हसली, उठली, दारापर्यंत गेली. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. ती परत येऊन बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. शेवटी माझ्याच भावाला सौदा पटला.

मग मी चहा मागवला. ती आजोबांच्या शेताविषयी बोलायला लागली, हिवाळ्यातल्या सकाळी, चटणी, गूळ, दही. माझंही मन मोकळं झालं. तिनं विचारलं, धूर कशाचा, दूध कसं धरलं, मुरवलं किती. मी सांगितलं. मी चुकले असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. चहावर बोलणाऱ्याची चूक नसते, ते उचलून नेणाऱ्याची असते.

पुढच्या थंडीत जालना रोडवर तिचं काचेचं दुकान उघडलं आणि चौकात फलक लागला. धुक्यातलं शेत, पांढऱ्या कपड्यातली ती आणि खाली ओळ: माझ्या आजोबांच्या शेतातली सकाळ. शहरात त्याचं वेडच लागलं. लग्नाच्या दारात पाहुण्यांच्या मनगटावर तेच, मेंदीवाल्यांकडं तेच. माझ्या दुकानात पोरी यायला लागल्या, तो हुरड्याचा वास आहे ना, त्याच्यासारखं आहे का तुमच्याकडं? मी माझी बाटली उघडून द्यायची. त्या हुंगायच्या आणि म्हणायच्या, जवळपास आहे, पण ओरिजिनलची मजा नाही. वर भाव पाडून मागायच्या. त्यातल्या दोघींना मी दुकानाबाहेर काढलं.

मग एक दिवस दुपारी शटर ओढलं आणि तिच्या दुकानात गेले. तिनं ओळखलं, बसा म्हणाली. पैशाचं बोलायला मी गेलेच नव्हते. तिला सांगितलं, फलकावर एवढंच लिहा की हा वास छावणीतल्या एका अत्तरवालीनं बनवला. माझं नावसुद्धा घालू नका.

ती म्हणाली, “मावशी, सुगंधावर कुणाची मालकी नसते. तुमच्या दुकानात तरी दुसरं काय आहे?”

“मी चिठ्ठीवर ‘त्यासारखं’ लिहिते, बाई. तुम्ही ‘आजोबांचं’ लिहिलंय.”

“आठवण तर माझीच आहे ना. मी लहानपणापासून हुरडा खाल्लाय.”

“खाल्लाय तुम्ही. भाजला कुणी?”

यावर ती माझ्या साडीकडं, डोक्यावरच्या पदराकडं बघत राहिली. मला वाटलं, आता समजलं. पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. म्हणाली, तुम्ही शनिवार-रविवार इथं येऊन का बसत नाही? ह्याच साडीत या, डोक्यावर असाच पदर. दारात गिऱ्हाइकांना हातानं फाया द्यायचा आणि शेतातल्या चार गोष्टी सांगायच्या. लोकांना असलं फार आवडतं. मानधन तुम्ही म्हणाल ते.

भाव करायची संधी मी आयुष्यात सोडलेली नाही, पण त्या दिवशी आकडा तोंडात येईना. जे तोंडात आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. काचेपलीकडची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, दारावरचा माणूस आत आला. ती त्याला म्हणाली, राहू दे, ओळखीच्या आहेत. तेवढ्या शब्दानं मी जास्त पेटले. तरी बाहेर पडताना काउंटरवरून तिची एक बाटली उचलली आणि छापील किमतीला घेतली. हुज्जत घातली नाही.

घेतली ती आईसाठी. आई माझ्याजवळच असते. तिला आता नीट दिसत नाही, डोळे धुरानंच गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणते. नाक मात्र अजून शाबूत आहे. माझ्या मनात होतं, आगटीवर बसलेली बाई आता एकच उरली आहे, तिनं सांगितलं की झालं. मग मला दुसऱ्या कुणाची पावती नको.

अंगणात ती उन्हाला बसली होती. काही न सांगता तिच्या एका हाताला माझं अत्तर लावलं आणि दुसऱ्या हाताला त्या बाईचं. आधी तिनं माझ्या अत्तराचा हात हुंगला आणि लगेच तोंड फिरवलं.

“ह्यो आगटीचा हाय,” ती म्हणाली. “कुठून आणलास?”

माझा ऊर भरून आला. विचारलं, बरोबर आहे का?

“बरोबर हाय की. डोळं चुरचुरत्यात.”

मग दुसरा हात नाकाशी नेला. तो तिनं खाली ठेवलाच नाही. परत परत हुंगत राहिली. “ह्यो लई ग्वाड हाय. ह्यात धूर नाय.”

म्हणजे त्या बाईनं तेवढंच काढून टाकलं होतं. मला राग आवरेना. म्हटलं, आई, तो खोटा आहे. धुराशिवाय हुरडा असतो का कुठं?

“खाणाराला असतोय,” आई म्हणाली. “पाव्हणं वारं बघून बसायचं. धूर समदा आपल्याकडं यायचा. तुला कसला आलाय त्याचा उमाळा? तू खात हुतीस. मी खोकत हुते.”

तिला सांगणार होते की हा वास मी केला, इतके हिवाळे घालवले, तो चोरीला गेला, त्या पोरीच्या आजोबाच्या नावावर गेला. तिच्यापुढं त्यातलं काहीच निघेना. जे मी जपून बाटलीत बसवलं होतं ते तिला आयुष्यभर पुसून टाकायचं होतं, आणि ते काम एका परक्या घरच्या पोरीनं, आगटीजवळ कधी न बसता, करून ठेवलं होतं.

शेजारी त्या दिवशी हळद होती. आई पदर पुढं करून म्हणाली, मला ह्योच लाव, जरा जास्त लाव. मी लावलं. दोन्ही खांद्यांना, पदराला, केसांनाही. ती बायकांत जाऊन बसली आणि सगळ्याजणी तिला विचारत होत्या, आजी, हे कुठलं, आम्हालाही सांगा. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, पोरीनं आणलं.

आणलं म्हणाली. केलं म्हणाली नाही. तिचं चुकलंही नव्हतं.