मोहित्याच्या आधी

उसाच्या फडातून बाहेर आलं की अंगाला पानांची बारीक कूस चिकटलेली असते. कितीही झटका, रात्री जेवताना कुठंतरी टोचतेच. आमच्या रोग-सर्व्हेच्या टोळीतले किस्से तसेच. साठ-पासष्टचा सुमार, सातारा-सांगलीभर जीपनं हिंडायचं, उसाची पानं बघायची. जोशीसाहेब, मी आणि मोहिते. तुम्हाला आधीच सांगतो, मोहिते मला सहन होत नसे!

*

मोझॅक हा पानाचा रोग, लागणीच्या बेण्यातून पसरणारा. कोवळं पान आभाळाकडं धरलं की हिरव्यात फिकट पट्टे दिसतात. म्हणजे आम्हाला धरून बघितल्यावर दिसत. मोहित्याला चालत्या जीपमधून दिसत!

कराडच्या अलीकडं एका फडात मी सकाळभर फिरून "स्वच्छ" म्हणून सांगितलं. दुपारी तिथूनच जाताना मोहिते ओरडला, "थांबव!" उतरला, तिसऱ्या सरीत शिरला आणि पान घेऊन आला. पट्टेच पट्टे.

साहेब खूश. "मोहिते, डोळे आहेत की दुर्बीण?"

मी म्हटलं, "साहेब, त्याला कावीळ झाली असेल. सगळं पिवळंच दिसतंय."

"मग तुम्हालाही एकदा होऊ द्या!" साहेब म्हणाले.

*

त्यातच कोइमतूरच्या ऊस-संशोधन केंद्रातल्या ट्रेनिंगची एक जागा आली. एकच! आतापर्यंतचा सगळा रोग उसाच्या जुन्या चारशेएकोणीस जातीवर सापडलेला. नवी सातशेचाळीस जात कोरी होती. साहेब म्हणाले, "सातशेचाळीसवर जो आधी दाखवेल, त्याचं नाव पाठवतो."

लोक रोग जावा म्हणून नवस बोलतात. मी सापडावा म्हणून नारळ कबूल केला.

*

तासगावकडं एक पाटील आमच्या मुक्कामावर आला. "सायेब, आमच्या चुलतभावाच्या सातशेचाळीसला लय रोग हाय. आत्ताच्या आत्ता चला!"

मी एकटाच पळत गेलो, मोहित्याला कळूसुद्धा दिलं नाही. तीन एकर तुडवले. पान न् पान हिरवंगार.

"पाटील, ऊस चांगला आहे हो."

त्याचा चेहरा पडला. "जरा नीट बघा की! रोग न्हाई तर त्येचा ऊस आमच्यापरास एवढा वाढतोयच कसा?"

मला तो माणूस फार जवळचा वाटला.

*

मिरजेकडं मात्र मला सापडला! पिवळी पडलेली पानं, जात सातशेचाळीस. साहेबांना जीपसकट बोलावून आणलं. मोहित्यानं एक पान हातात घेतलं आणि हळूच म्हणाला, "अरे, जमिनीत लोह कमी पडलंय. हिराकस फवारा म्हणावं, हिरवा होईल."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. मोहित्यानं मला त्याच्या थर्मासमधला चहा दिला. चहा फार चांगला होता. त्याचाही राग आला.

*

माझं घर रहिमतपूरजवळ. रविवारी घरी गेलो की ताटावर माझं एकच पुराण चाले, मोहिते. त्याला कसं दिसतं, मला कसं दिसत नाही, पान कसं धरायचं, पट्टे कसे असतात. आबा, म्हणजे वडील, भाकरी मोडत ऐकायचे. आमच्या खालच्या तुकड्यातली सातशेचाळीस हा आबांचा अभिमान. अर्धा गाव लागणीला बेणं तिथूनच न्यायचा.

एका रविवारी आबा म्हणाले, "खालच्या तुकड्यात जरा शिरून बघ की."

"आवं आबा, तुमच्या उसात काय असनार!"

"बघ तरी."

गेलो. सवयीनं एक पान आभाळाकडं धरलं. दुसरं धरलं. मग असा ओरडलो की बगळे उडाले, "गावला! गावला!"

आणि मग कुणाच्या रानात उभा आहे ते आठवलं. आबा बांधावर खोरं घेऊन उभे होते.

"आबा, बेनं बंद करावं लागंल. उसाची सगळी बेटं उपटावी लागतील."

"व्हय. परवाच दोगं बेन्याला आलंवतं, परत लावलं."

"म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

"आठवडा झाला. तू सांगितलंस तसं पान धरलं, तवा दिसलं." आबा खाली उतरून पहिलं बेट उपटायला लागले. "बुधवारी तुजा त्यो मोहिते बी आलावता. आत शिरतो म्हनाला."

"मग?"

"मग काय? बांधावरच आडवा आलो. म्हनलं, च्या घ्या आन् वाटंला लागा. ह्या फडातलं काय असंल ते आमच्या पोराचं हाय!"