बाबांची नॅरो पँट

हिमायतनगरच्या दुकानातून लेकीनं जुन्या फॅशनची नॅरो पँट आणली आणि घालून समोर उभी राहिली. अगदी बाबांची पँट!

मी कॉलेजात असताना तसलीच पँट घालून, बारीक टाय लावून बाबा माझ्या तेलुगू मैत्रिणीसाठी चहा घेऊन आले होते. मी तिला तेलुगूत म्हणाले, "जोकर दिसतात ना?" नांदेडहून इकडे आलेल्या माणसाला तेलुगू कुठलं कळतंय, असं वाटलं मला.

बाबांनी कप ठेवला. "टी तागम्मा," ते तिला म्हणाले. चहा पी, बाळ. अगदी स्वच्छ तेलुगूत.

दुसऱ्या दिवशी ती पँट बोहारणीला देऊन त्यांनी स्टीलचा डबा घेतला.

"मम्मी, आजोबांची एखादी पँट असेल का गं?"

"नाही," म्हणाले, आणि त्याच डब्यातली चहापावडर पातेल्यात टाकली.